वरचा ओठ

चहात बुडवून मऊ झालेला पाव चावताना केवळरामचा वरचा पुढचा दात हलला. सुपारी नाही, हाड नाही, भातातला खडा नाही. पाव, आणि तोही इतका भिजलेला की उचलताना त्याचा एक तुकडा परत कपात पडला होता. गोंदिया स्टेशनसमोरच्या टपरीवर सकाळची गर्दी होती. जबलपूरकडची छोटी गाडी नुकतीच लागली होती आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया फाटकातून एकमेकींना हाका मारत बाहेर पडत होत्या. केवळरामनं घास तोंडात तसाच धरला. जिभेचं टोक हळूच त्या दातामागे लावून ढकललं. दात पुढे गेला. जीभ काढली तसा मागे आला. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. दुखणाऱ्या गोष्टीला औषध असतं. टपरीवाल्यानं विचारलं, "क्या हुआ मास्टर, चाय ठीक नहीं?" त्यानं मान हलवली, घास न चावता गिळला आणि कप अर्धा ठेवून तो रस्त्यावर आला. तोंड त्यानं घट्ट मिटून घेतलं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आपल्या तोंडाकडेच बघतोय असं त्याला वाटत होतं.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं सगळं त्या पुढच्या दोन दातांवर उभं असतं. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा, त्यावर वाद्याची वेताची पत्ती टेकवायची, आणि वरचे दोन दात वाद्याच्या तोंडावर रोवायचे. मग फुंक मारायची. दात घट्ट असले तर पत्ती घट्ट राहते, पत्ती घट्ट असली तर सूर ताठ उभा राहतो. केवळरामचा सूर ताठ होता. गोंदियात, आमगावात, पार बालाघाटपर्यंत लोक त्याच्या सुराबद्दल हेच बोलत. राइस मिलचा भोंगा वाजत असला तरी केवळरामचं क्लॅरिनेट त्यातून वर येतं, असं एकदा कुणी म्हणालं होतं. ते बोलणं त्यानं पुष्कळ दिवस जपलं होतं. आता रेल्वे लाईन ओलांडून घराकडे जाताना जीभ पुन्हा पुन्हा त्या दाताकडे जात होती. आवरली की क्षणभर थांबायची, मग चोरासारखी परत जायची. दात हलत होता. तो छत्तीस वर्षांचा होता. त्याचा बाप साठीतही ऊस दातांनी सोलायचा.

घरी त्याची बायको रुख्मा दारात बसून बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, बोटं आपोआप चाललेली. गेली सहा वर्षं घर त्या बोटांवर चाललं होतं. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोलत नसत. "लवकर आले," ती मान वर न करता म्हणाली. "हो," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं क्लॅरिनेटची पेटी उघडली. पाचही तुकडे जोडले, पत्ती तोंडात धरून ओली केली, बसवली. दात टेकवले. एक लांब सूर धरायचा होता, सकाळचा पहिला षड्ज, जो तो रोज धरायचा. फुंक गेली, सूर निघाला, आणि त्या सुराच्या पोटात काहीतरी थरथरलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण दाताच्या मुळातून ती थरथर नाकापर्यंत, तिथून डोळ्यांमागे गेली, आणि त्यानं वाद्य खाली ठेवलं. बाहेर बिडीला दोरा बांधणारी बोटं क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग पानांची कुरकुर पुन्हा सुरू झाली.

दहा दिवसांनी गणपती बसणार होते. मंडळाचा सेक्रेटरी टेकचंद, कापडदुकानवाला, यंदा केवळरामचा स्वतंत्र कार्यक्रम ठेवणार होता. नुसतं क्लॅरिनेट, साथीला तबला. असं गोंदियात कधी झालं नव्हतं. क्लॅरिनेट म्हणजे बँडपार्टी, लाल कोट, पितळी बटणं, नवरदेवाच्या घोड्यापुढे चालणं. टेकचंदला गाण्याची हौस होती आणि तो नागपूरला जाऊन-येऊन असे. तिथल्या एका संगीतमंडळाचे एक गृहस्थ हिवाळ्यातल्या संमेलनासाठी नवे कलाकार ऐकत फिरत होते. टेकचंदनं त्यांना बोलावलं होतं. "केवळरामजी," तो दुकानात गज खाली ठेवून म्हणाला होता, "ये मौका है. एकदा नागपूरच्या स्टेजवर बसलात की मग आपको कोई बँडवाला नहीं बोलेगा." बसलात. तो शब्द केवळरामच्या मनात राहिला होता. गेली सहा वर्षं तो त्याच शब्दाच्या मागे होता.

त्याचं असं झालं होतं. एक्कावन्न सालच्या उन्हाळ्यात गोरेगावकडे एक वरात निघाली होती. रामलाल मास्तरांचा बँड, पुढे केवळराम. वाटेत अवकाळी आभाळ फुटलं आणि सगळी वरात, घोडा, नवरदेव, म्हातारे, बाया, एका राइस मिलच्या शेडमध्ये शिरली. ढोल भिजू नयेत म्हणून झाकून ठेवले. पाऊस थांबेना. कुणीतरी म्हणालं, वाजव ना बा काही. केवळरामनं एकट्यानं पिलू राग सुरू केला. आणि लोक बसले. धानाच्या पोत्यांवर, कोंड्याच्या ढिगावर, जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसले आणि ऐकू लागले. तोवर आयुष्यात त्याला कुणी बसून ऐकलं नव्हतं. त्याच्यासमोर नेहमी पाठी असत, चालणाऱ्या, नाचणाऱ्या. त्या दिवशी चेहरे होते. ओल्या कोंड्याचा आंबूस वास, पत्र्यावरचा पाऊस, आणि एक म्हातारी तोंडावर पदर धरून त्याच्याकडे बघत होती. दुसऱ्याच महिन्यात त्यानं लाल कोट घडी करून रामलाल मास्तरांच्या पुढे ठेवला. "आता मी चालत वाजवीन नाई," तो म्हणाला. मास्तरांनी कोट उचलून खुंटीला लावला, जणू तो दुसऱ्या कुणाच्या मापाचा आहे की नाही तेच बघत होते. आमगावजवळच्या गावातून भाऊ बकाराम धावत आला होता. "कायले सोडलास? घरची धानाची बांधी पडून हाय, रोवणीले मानूस भेटत नाई, अना तू बसून वाजवीन म्हनतेस." त्याला काय सांगणार? भावानं त्याला कधी ऐकलंच नव्हतं.

मग ती सहा वर्षं. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटकवाल्यांच्या पडद्याशेजारी बसून वाजवणं, सप्त्यात कीर्तनकाराच्या मागे सूर धरणं, शाळेच्या समारंभात स्वागतगीत. बोलावणं आलं नाही तर महिनेच्या महिने घरात बसून रियाज. लोक म्हणत, गुनी मानूस हाय, आणि दुसरं काही म्हणत नसत. गेल्या दोन-तीन वर्षांत लग्नाघरी भोंगे आले. कडुलिंबाला कर्णा बांधला, तबकडी लावली, की बँडही नको आणि केवळरामही नको. तरी तो टिकून होता. एका गोष्टीच्या आधारावर. आपण चांगले आहोत, हे त्याला माहीत होतं. इतरांना माहीत नसेल, उशिरा कळेल, पण त्याला माहीत होतं, आणि त्याला एक दाखला होता. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टची सकाळ. गोंदियात मोठी प्रभातफेरी निघायची होती. शाळेसमोर बँड उभा होता, माणसं लोटली होती, टोप्या, झेंडे, ओल्या मातीवर टाकलेला चुना. आणि रामलाल मास्तर, ज्यांच्या हातातून मुख्य क्लॅरिनेट कधी कुणी घेतलं नव्हतं, ते त्याच्याजवळ आले, वाद्य त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता हे तुह्या हक्काचं हाय." स्वतः त्यांनी ताशाच्या काड्या घेतल्या आणि मागच्या रांगेत गेले. त्या दिवसापासून ते ताशाच वाजवत राहिले. केवळराम सव्वीस वर्षांचा होता. सगळ्या देशाला काहीतरी मिळालं होतं, आणि त्यालाही. लोक घोषणा देत होते, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो फुंकत होता. पुढे जेव्हा जेव्हा सगळं व्यर्थ वाटलं तेव्हा तो त्या सकाळीकडे परत जायचा. गुरूनं आपण होऊन जागा सोडली, ती त्याच्यातलं काही ओळखल्याशिवाय सोडली का?

चार-पाच दिवस त्यानं दात लपवला. भात डाव्या दाढेनं खाल्ला, बोलताना वरचा ओठ ओढून धरला, हसणं बंद केलं. तसंही तो फार हसत नसे. रियाज कमी केला, बाहेर सांगितलं की कार्यक्रमासाठी फुंक राखून ठेवतोय. दात त्याच्या मनात मोठा होत गेला. दुपारी पडल्या पडल्या त्याला वाटायचं, आपण सगळेच त्या दाताच्या मुळाशी सैल झालोय, आणि कुणीतरी प्रचंड जीभ आपल्याला मागून ढकलून बघते आहे. मग शेजारचा दातही जरा हलतोय असं त्याला वाटलं. तो भास आहे की खरं, हे बघायला त्यानं बोट लावलं. खरं होतं.

त्याच दुपारी तो रामलाल मास्तरांकडे गेला. सहा वर्षांत त्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. खोलीत तोच वास, पितळ पुसायच्या चिंचेचा आणि घामेजल्या कोटांचा. भिंतीला लाल कोटांची रांग. मास्तर पोत्यावर बसून ताशाची दोरी ओढत होते. ते फार म्हातारे झाले होते. गाल आत गेले होते, हनुवटी नाकाला भेटायला आली होती. "ये," ते म्हणाले, इतक्या साधेपणानं की जणू केवळराम सकाळीच उठून गेला होता. "मंडळात वाजवून राहिला म्हनते तू. टेकचंद सांगे."

"हो."

"मंग इकडं कायले आलास?"

केवळरामनं पत्तीची काहीतरी सबब तयार ठेवली होती. जुनी पत्ती आहे का, विलायती. पण तोंड उघडताच मास्तरांचे डोळे त्याच्या ओठावर गेले आणि तिथेच थांबले. दोरी सोडून ते पुढे सरकले. "दाखव," ते म्हणाले. लहान मुलासारखं त्यानं तोंड उघडलं. मास्तरांचा खरखरीत अंगठा आत आला, दाताला टेकला. "हा गेला. बाजूचाबी जाते." अंगठा धोतराला पुसत ते परत पोत्यावर बसले. "साऱ्याइचे असंच होते. दाबून दाबून हिरड्या मरते. कोनाचे लवकर, कोनाचे उशिरा."

"कवळी बसवतात ना म्हणे. नागपूरले."

"मी बसवली होती. जेवाले कामाची हाय. फुकली का खाली उतरे. वाजवाले नाई."

केवळरामला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मास्तरांनी वाजवायला कवळी बसवली होती. मास्तरांना वाजवायचं होतं. "तुमी तर आपल्या मनानं सोडलं होतं," तो म्हणाला. "पंधरा ऑगस्टले. मले देल्लं तुमी."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, दयाही नव्हती. "त्या दिवशी सकाळी दात हातात आला बे माह्या," ते म्हणाले. "तोंड धुता धुता. दोन तर आधीच हालत होते, साल-दीड साल. मिरवनूक उभी होती. मंग का करतो? तू बाजूले उभा होता, तुले देल्लं."

"तुमी म्हनले होते, हे तुह्या हक्काचं हाय."

"म्हनलो असन. लोकाइसमोर काही तरी म्हनाच लागते ना." त्यांनी दोरीला गाठ मारली. "दुसऱ्या बाजूले मनिराम होता. त्याले फुकता कुठं येते?"

मनिराम बँडमधला ढोलवाला. केवळरामला हसू यावं असं ते वाक्य होतं, आणि मास्तर हसलेही, आवाज न करता, रिकाम्या तोंडानं. केवळराम कोटांच्या रांगेकडे बघत होता. बाहीला सुटलेला एक धागा लोंबत होता. तो ओढावासा वाटला, ओढला तर पूर्ण बाही उसवेल असं वाटलं, आणि हात उचलला गेला नाही. दहा वर्षं. प्रत्येक रिकाम्या महिन्यात, भावाच्या प्रत्येक टोमण्यात, रुख्माच्या पिवळ्या पडलेल्या बोटांकडे बघताना तो ज्या सकाळीवर पाय रोवून उभा राहिला होता त्या सकाळी एका माणसाचा दात पडला होता, एवढंच झालं होतं. आणि तिथे तो उभा होता म्हणून त्याला मिळालं. पाणी उतारावर जातं तसं.

तो निघाला तेव्हा मास्तर मागून म्हणाले, "वरचा ओठ आत घे. खालचा घेतेस तसाच. दाताचं नावच नोको घेऊ. दोनी ओठात धर. पन लय वेळ नाई चालत. ओठ फाटते."

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात सतरंज्या अंथरल्या होत्या. उतरतं ऊन कनातीतून आत येत होतं. टेकचंदनं पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर नागपूरचे पाहुणे, पांढरं स्वच्छ धोतर, सोनेरी काड्यांचा चष्मा, मांडीवर हात जोडलेले. लोक बरे जमले होते, कारण यानंतर सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. केवळराम चौरंगावर बसला. बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की या गोष्टीचा आनंद व्हायला हवा होता. समोर चेहरे होते. त्यानं भीमपलास सुरू केला, नेहमीसारखा, दात रोवून, ताठ. पाहुण्यांनी मान डोलावली. वरच्या षड्जाकडे जाताना दात मुळातून कलंडला, कळ कानापर्यंत गेली आणि तोंडात गरम, खारट काहीतरी पसरलं. तबलजीनं चमकून बघितलं. एक मात्रा रिकामी गेली. केवळरामनं श्वास घेतला, वरचा ओठ दुमडून आत ओढला आणि पत्तीवर दोन्ही ओठ मिटले.

जो सूर निघाला तो त्याचा नव्हता. तो त्यानं पूर्वी ऐकला होता. सत्तेचाळीसच्या आधी साल-दीड साल मास्तरांचं क्लॅरिनेट असं वाजायचं; ओलं, आत ओढल्यासारखं, कडेला किंचित फाटलेलं, जणू सूर बाहेर यायला कबूल नाही आणि तरी येतोय. बँडमधले लोक म्हणायचे, म्हातारा थकला. एकट्या केवळरामला तो आवाज वेड लावायचा. कितीतरी दुपारी रेल्वेच्या माळावर जाऊन त्यानं तो काढून बघितला होता. पत्त्या बदलल्या, फुंक बदलली, मान वाकवली, आणि आपल्या चांगल्या, बळकट दातांनी कधीच तो निघाला नाही. शेवटी त्यानं तो नाद सोडला आणि ताठ सुराचा झाला. आता तो सूर न बोलावता त्याच्या तोंडातून येत होता. म्हणजे ती मास्तरांची विद्या नव्हती. ती त्यांच्या हिरड्यांची हार होती, आणि ती इतकी सुंदर होती. केवळराम घाबरला. मग घाबरायचंही विसरला. कोमल गंधारावर तो थांबला आणि गंधार त्याच्या ओठांत एखाद्या जिवंत वस्तूसारखा हलत राहिला. थोडा खाली, थोडा वर, नक्की कुठे ते कुणी सांगू शकलं नसतं. ओठाच्या आतल्या कातडीत दात रुतत होता. त्याला कळत होतं की हे फार वेळ चालणार नाही. त्याला हेही कळत होतं की आजवर आपण वाजवलं ते सगळं याच्यापुढे नुसता आवाज होता. पुढच्या सतरंजीवरची माणसं चुळबुळत होती. मागे कुणी तरी उठून पाणी प्यायला गेलं. बायकांच्या घोळक्यात, कनातीच्या खांबाला टेकून, रुख्मा उभी होती. ती आजवर कधी आली नव्हती. पुन्हा त्यानं तिकडे बघितलं तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं.

टाळ्या पडल्या, पडायच्या तेवढ्या. पाहुणे उठून जवळ आले. चांगला माणूस होता, शब्द जपून वापरत होता. "बोटं चांगली आहेत तुमची. सुरुवातही छान झाली. पण नंतर फुंकेत दम राहिला नाही. आवाज दबला, सूर जरा सैल पडला. या वाद्याला ताकद लागते." त्यांनी चष्मा सारखा केला. "वर्षभर मेहनत करा. पुढच्या खेपेला बघू."

केवळरामच्या ओठाच्या आत रक्त जमलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "बरं."

पाहुण्यांना टांग्यात बसवून टेकचंद परत आला तेव्हा भोंग्यावर तबकडी लागली होती आणि मुलं पुढे धावत होती. "बुरा मत मानो," तो म्हणाला. "मैंने बहुत कहा उनको." मग दुसरीकडे बघत, "उद्या विसर्जन आहे. रामलालचा क्लॅरिनेटवाला तापानं पडला आहे. मी तुम्हाला कैसे बोलूं, पण..." त्याला वाक्य पुरं करावं लागलं नाही. केवळराम हो म्हणाला. का म्हणाला, हे चालत घरी जाताना त्याला सांगता आलं नसतं. नाही म्हणायला जो माणूस लागतो तो मांडवातच कुठेतरी राहून गेला होता.

घरात दिवा लागला होता. रुख्मा चुलीपुढे होती. तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. भात पातळ, गुरगुट्यासारखा शिजवलेला. त्याच्या लक्षात आलं की बरेच दिवस झाले, भात असाच येतो आहे.

"तुले कोनं सांगतलं?" तो म्हणाला.

"सांगाले कायले लागते? तुमचा चावाचा आवाज बदलला." तिनं कढी वाढली. "पाहुना का म्हनला?"

"फुकीत दम नाई म्हनते."

तो एक-दोन घास जेवला. "तू आली होती," तो म्हणाला. "मधातूनच निघाली."

"हो."

"काऊन? बरा नाई वाटला?"

रुख्मा चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. "मले ऐकवलं नाई," ती म्हणाली. "कोनी घरात मरून राहिला अना त्याले मालूम हाय, तसा वाजवत होते तुमी. मंग मी निघाली." मग नेहमीच्या आवाजात, "गावाले जाचं का? भाऊजी तर बलावूनच राहिले."

"नाई."

"मंग का करता?"

"उद्या रामलाल मास्तराच्या संगं चालतो म्हनलो," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. सहा वर्षांत प्रथमच तिच्या चेहऱ्यावर राग दिसला, आणि तो कुणावर होता ते तिलाही नीट कळलं नसावं. "चाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लाल कोट घातला. काखेत घट्ट होत होता. मास्तर ताशा गळ्यात अडकवून मागच्या रांगेत उभे होते, त्यांनी त्याला रांगेत येताना बघितलं आणि काड्या उचलल्या. मिरवणूक निघाली. गुलाल, घाम, बैलगाड्यांवरचे गणपती, बाजारातल्या गल्लीतून ढोलांचा आवाज दोन्ही भिंतींवर आपटत जात होता. मनिराम अंगात आल्यासारखा ढोल बडवत होता, झांजा, दोन बिगुलं, त्यात कर्कश सिनेमाचं गाणं. केवळराम पहिल्या रांगेत चालत होता. चौकातल्या खड्ड्यात पाय अडखळला, वाद्य वर आदळलं, आणि दात सुटला. तो जिभेवर आला. लहानसा, गुळगुळीत, जेवढा मोठा वाटत होता त्याच्या मानानं काहीच नाही. थांबायला जागा नव्हती. मागून माणसं ढकलत होती. दात त्यानं गालात ढकलला, दोन्ही ओठ मिटून घेतले आणि फुंकायला लागला.

त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नव्हतं. फक्त ओठांत ती थरथर कळत होती. मग त्याच्या मनात आलं की मला ऐकू येत नाही तर कुणालाच येत नसणार. बिगुलं काय वाजवतात हे बघायचं त्यानं सोडून दिलं. काल जिथे राहिला होता तिथून त्यानं भीमपलास उचलला. चालता चालता, गुलालात, घोषणांत, त्या गोंगाटाच्या आत तो एकटा खाली खाली उतरत गेला. कुणाला काही दाखवायचं नव्हतं. आपण चांगले की नुसते बाजूला उभे होतो, हा प्रश्नही कुठेतरी मागे, गल्लीच्या तोंडाशी राहिला. कोमल गंधार आला. तो ओठांना आधी कळला. ओठ फाटला होता, कोटाच्या गळ्यावर ओलं लागत होतं, आणि लालावर लाल दिसत नव्हतं. डोळे मिटून तो चालत होता आणि पाय आपोआप ढोलाच्या ठेक्यात पडत होते. रस्ता संपून पायाखाली चिखल आला हे त्याला कळलं. तलाव आला असणार. तो वाजवत राहिला.

आरतीसाठी पुजाऱ्यानं हात वर केला. ढोल थांबले. झांजा थांबल्या, बिगुलं थांबली, सगळं एकदम, आणि त्या रिकाम्या झालेल्या हवेत, पाण्यावर, नुसतं क्लॅरिनेट उरलं. ओलं, फाटलेलं, गंधारावर थांबलेलं. माणसं वळली. काठावरच्या बाया वळल्या, गाडीवरची माणसं वळली, टेकचंद हातात तबक घेऊन वळला. इतके चेहरे एकाच वेळी त्याच्याकडे कधी वळले नव्हते. रामलाल मास्तरांनी तेवढी मान वळवली नाही. ते काड्या खाली धरून पाण्याकडे बघत होते आणि त्यांचा जबडा हळूहळू हलत होता. एक श्वास, दोन श्वास.

मग मनिरामनं ढोलावरून वाकून केवळरामच्या कोटाची बाही ओढली.

"अबे बंद कर ना," तो हळू आवाजात म्हणाला. "आरती होऊन राहिली."

केवळरामनं डोळे उघडले. वाद्य ओठांपासून काढलं. लोक गणपतीकडे वळले होते, आरती सुरू झाली होती. क्लॅरिनेट काखेत धरून, तोंड मिटून, तो त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागला.